पंचवटीत वीस पैलूंचा फासा

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४ सालचा अमेरिकी खेळ; एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रे होऊन फासे टाकतात. त्याचे मूळ नियम पंचवटीला लावायचे म्हटले की पहिली अडचण येते नाकाची. शूर्पणखेचे नाक कापले गेले ते नाशिक, अशी लोकसमजूत. या नियमांत मात्र देहाला अवयवच नाहीत. जीव किती उरला त्याचा एक आकडा, बस्स. नाक गेले काय नि नख गेले काय, वजाबाकी तीच. गावाला नाव मिळायचे कसे? जादूचीही तीच गत. तिथला जादूगार सकाळी मंत्र घोकतो आणि एकदा म्हटला की विसरतो, पेपर देऊन बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यासारखा. ही युक्ती लेखक जॅक व्हान्सच्या कथांतली. तिथे ती शोभतेही. आपल्याकडे सामर्थ्य तपाने येते, वराने वाढते, शापाने अडते. हा रोजचा शिधा नव्हे, कर्जखाते आहे.

कोणी म्हणेल, नियम म्हणजे नुसता हिशेब, गोष्ट तर सांगणाऱ्याच्या हाती. पण बक्षीस जिथे, खेळाडू तिथे. त्या मूळ नियमांत मिळवलेल्या सोन्यावर अनुभवाचे गुण मिळत. म्हणजे कांचनमृग दिसताच लक्ष्मणासकट सगळे धावणार आणि नियमाने तेच शहाणे ठरणार! याउलट परंपरा ज्ञानेश्वरांच्या नावे सांगते तो मोक्षपट पाहा. सद्गुणाची शिडी, दुर्गुणाचा साप. नियम आणि विश्व एकाच सुताचे. विलायतेला जाऊन आल्यावर त्यातले गुण-दुर्गुण गळाले. आज बाजारातल्या सापशिडीच्या घरांत नुसते आकडे असतात.