‘सांगतो तसं कर’ आणि इतर अन्याय

लिनक्सचं परीक्षण नि:पक्षपातीपणे व्हावं, यावर साऱ्या लिनक्सप्रेमींचं एकमत आहे. मजकूर टंकायला व्हिम बरं की ईमॅक्स, यावर ज्या पंथातल्या दोन पिढ्या भांडत आल्या, तिथे कशावर तरी एकमत होणं हीच मोठी बातमी. अडचण एवढीच, की असं परीक्षण करायला लायक माणूस अजून सापडलेला नाही. परीक्षक नवखा असेल तर त्याला काही कळत नाही. मुरलेला असेल तर तो आधीच लिनक्सच्या कुठल्या तरी अवताराचा, डिस्ट्रोचा, भक्त, म्हणजे पक्षपाती. त्याने दोन दिवसांत मत दिलं तर घाई केली; वर्षभर वापरून दिलं तर तोवर नवी आवृत्ती आली आणि तक्रार शिळी झाली. जुन्या लॅपटॉपवर तपासलं तर ‘या खटाऱ्याकडून काय अपेक्षा करता?’, आणि नव्याकोऱ्यावर तपासलं तर ‘इतक्या नव्या हार्डवेअरचे ड्रायव्हर यायला वेळ लागतो, एवढंही कळू नये?’ टर्मिनल उघडलं नाही तर लिनक्स समजलंच नाही. उघडलं तर ‘काही गरज नव्हती, उगाच लोकांना घाबरवता’. या सगळ्या चाळण्यांतून शेवटी एकच उमेदवार पार पडतो: ज्याला सगळं येतं, ज्याच्या संगणकावर सगळं चालतं आणि ज्याची काही तक्रार नाही. त्याला बापड्याला परीक्षण लिहायची मुळात गरज काय?

या न्यायव्यवस्थेत गाजलेला खटला २०२१ सालचा आहे. कॅनडातला लायनस सेबॅस्टियन हा संगणकाच्या सुट्या भागांचे व्हिडिओ करून प्रसिद्ध झालेला गृहस्थ. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने घरच्या संगणकावर विंडोज सोडून लिनक्स वापरायचं आणि जे घडेल ते लोकांना दाखवायचं, असा घाट घातला. लायनसने पॉप ओएस नावाचं डिस्ट्रो निवडलं, कारण गेम खेळणाऱ्यांना तेव्हा त्याचीच शिफारस होत असे. पहिल्यांदा त्याला बसवायचं होतं स्टीम, म्हणजे गेम विकत घेण्याचं आणि चालवण्याचं दुकान. पॉपच्या सॉफ्टवेअर-दालनातून ते बसेना. मग त्याने शोधाशोध करून टर्मिनलमध्ये ॲप्टला, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रामला, आज्ञा दिली. ॲप्टने लांबलचक यादी दाखवली, अत्यावश्यक पॅकेजं काढली जातील असा इशारा दिला, आणि खरंच पुढे जायचं असेल तर ‘होय, मी सांगतो तसं कर!’ अशा अर्थाचं वाक्य इंग्रजीत टंकायला सांगितलं. त्याने ते टंकलं. ॲप्टने सांगितलं तसं केलं, म्हणजे स्टीम बसवण्याच्या नादात डेस्कटॉपच उचलून फेकून दिला. पुढच्या वेळी संगणक सुरू झाला तेव्हा समोर काळा पडदा आणि पांढरी अक्षरं.

यावर जो गदारोळ झाला त्यातला मोठा सूर होता: इशारा वाचला नाही, चूक त्याची. वरवर पाहता यात तथ्य आहे. इशारा होता आणि तो ठळकही होता. पण हा इशारा कुणाला, कशासाठी दिला होता ते पाहा. माणूस गेमचं दुकान बसवत होता; कुठल्याही संगणकावर हे काम करताना कुणालाही डेस्कटॉप गमावण्याची शंका येत नाही. पॅकेजांच्या परस्परावलंबनात तेव्हा गोंधळ झालेला होता. म्हणजे दोष बनवणाऱ्यांच्या बाजूचा, आणि तो तिथे आहे हे ॲप्टला दिसत होतं. दिसूनही त्याने नेमक्या त्या माणसाला विचारलं, ज्याला ते कळण्याची शक्यता सगळ्यांत कमी. नवख्याने तज्ज्ञासारखं वागावं ही अपेक्षा, आणि तज्ज्ञासारखा वागू लागला (टर्मिनल उघडलं, आज्ञा दिली) की ‘कुणी सांगितलं होतं नसत्या उठाठेवी करायला?’ हा सवाल. दुसरा आक्षेप त्याहून गमतीचा होता: त्याने डिस्ट्रोच चुकीचं निवडलं, सहकाऱ्याने मिंट घेतलं तसं घ्यायला हवं होतं. मिंट चांगलं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण शेकडो डिस्ट्रोंतून बरोबर कुठलं, हे निकाल लागल्यावरच कळणार असेल, तर त्याला निवड म्हणत नाहीत, लॉटरी म्हणतात.

आता या खटल्याचा शेवट, जो फिर्यादी पक्ष सहसा सांगत नाही. पॅकेजातला दोष पॉप ओएस बनवणाऱ्या सिस्टम सेव्हंटी-सिक्स कंपनीने दुरुस्त केला. आणि ॲप्ट, जे पॉपचं नव्हे तर डेबियन या डिस्ट्रोचं आहे आणि उबुंटू-मिंटपासून असंख्य डिस्ट्रोंमध्ये वापरलं जातं, त्यातही बदल झाला: एखादं सॉफ्टवेअर बसवताना अडचण आली म्हणून अत्यावश्यक पॅकेजं काढण्याचा तोडगा ॲप्टने आपणहून सुचवायचा नाही. ज्या परीक्षणाला अडाणी, उथळ, दर्शकांच्या हव्यासापोटी केलेलं म्हटलं गेलं, त्याने लाखो लोकांच्या संगणकातला एक खड्डा बुजवला. त्याच काळात लिहिलेल्या ‘सुंदर, वेगवान आणि स्थिर’ छापाच्या न्याय्य परीक्षणांनी काय बुजवलं, हे आम्ही विचारत नाही. उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे.

आमचा मुद्दा इथेच आहे. लिनक्सच्या जगात तक्रार ऐकून घेण्याची उत्तम पद्धत अस्तित्वात आहे. तिला बग रिपोर्ट म्हणतात. काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, कुठली आवृत्ती, कुठलं यंत्र, हे पाचसहा मुद्दे भरायचे. भरणारा नवखा आहे की महर्षी हे कुणी विचारत नाही. किंबहुना नवख्याची तक्रार जास्त मोलाची, कारण जुना माणूस खड्डा कुठे आहे ते जाणून वळसा घालून जातो. पण हाच मजकूर, याच क्रमाने, ‘परीक्षण’ असं शीर्षक देऊन छापला की तो अपमान ठरतो. बग रिपोर्टला ‘धन्यवाद, तपासतो’ म्हणणारी मंडळी परीक्षणाला ‘आधी मॅन्युअल वाच’ म्हणतात. फरक फक्त वाचणारा कोण याचा. बग रिपोर्ट बनवणारे वाचतात. परीक्षण गिऱ्हाईक वाचतं. न्याय्य परीक्षणाची मागणी बऱ्याचदा याच एका भीतीतून निघते, की गिऱ्हाइकाला कळेल.

यावर हमखास येणारं उत्तर: अहो, हे फुकट आहे, लोक रात्री जागून स्वखुशीने करतात, दान मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत. रात्री जागणारे खरोखर आहेत, त्यांना शिव्या घालणारे परीक्षकही आहेत, आणि अशा परीक्षकांची बाजू घेण्याचा आमचा विचार नाही. डेबियन १९९३ पासून मुख्यतः स्वयंसेवकांवरच उभं आहे. पण खुद्द लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आज होणारं बहुतेक काम इंटेल, गुगल, रेड हॅट अशा कंपन्यांचे पगारी अभियंते करतात. रेड हॅटला आयबीएमने २०१९ साली सुमारे ३४ अब्ज डॉलर मोजून विकत घेतलं. गाय दानाची असती तर इतका भाव आला नसता. पॉप ओएस बनवणारी कंपनी तेच घालून लॅपटॉप विकते. आणि समजा सगळंच दान आहे. तरी ज्याने विंडोज पुसून ते बसवलं, त्याचा रविवार दानाचा नव्हता, त्याचे फोटो आणि हिशेबाच्या फायली दानाच्या नव्हत्या.

दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे: दोष लिनक्सचा नसतो, हार्डवेअर बनवणाऱ्यांचा असतो. हे बऱ्याच अंशी खरं आहे. लिनक्सचा जनक लिनस टॉरव्हाल्ड्सने २०१२ साली फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात, कॅमेऱ्यासमोर, एनव्हीडिया कंपनीला मधलं बोट दाखवलं. ग्राफिक्सच्या ड्रायव्हरपायी छळ सोसलेल्या कित्येकांच्या भावना त्यात होत्या. पण हाच युक्तिवाद वायफायला लावून पाहा. डेबियनचा अधिकृत इन्स्टॉलर वर्षानुवर्षं मुक्त नसलेलं फर्मवेअर बरोबर देत नसे. तत्त्व म्हणून हे आदरणीय होतं. परिणाम असा, की अनेक लॅपटॉपांवर वायफाय चालत नसे, आणि वायफाय चालवणारी फाईल उतरवून घ्यायला लागत असे वायफाय. (वेगळ्या कोपऱ्यात फर्मवेअरसहित अनधिकृत इन्स्टॉलर ठेवलेला असे, तो आहे हे ज्याला ठाऊक होतं त्याला त्याची फारशी गरज नव्हती.) या काळात ज्या परीक्षकाने ‘वायफाय चालत नाही’ असं लिहिलं, त्याने तत्त्वाचा अवमान केला असं ठरलं. मग २०२२ साली डेबियनच्या सदस्यांनी स्वतःच मतदान घेतलं, फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ बरोबर ते आलं. तक्रार करणारे इतकी वर्षं अन्यायी होते. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी त्यांचं म्हणणं धोरण झालं. वायफायच्या तक्रारीवर ‘जगातले पाचशेच्या पाचशे अव्वल महासंगणक लिनक्सवर चालतात’ हे उत्तर देणाऱ्यांना मात्र अजून धोरण सापडलेलं नाही. ती माहिती खरी आहे, नोव्हेंबर २०१७ पासून ती यादी पूर्णपणे लिनक्सची आहे. फक्त त्यातला एकही महासंगणक रेल्वे फलाटावरच्या फुकट वायफायला जोडायचा नसतो.

तिसरा आक्षेप आम्ही जवळजवळ मान्य करतो: विंडोजच्या फुटपट्टीने लिनक्स मोजू नये. विंडोज यंत्राबरोबर आयतं येतं, त्याचं इन्स्टॉलेशन कुणी तपासत नाही. लिनक्सच्या परीक्षणाचा अर्धा भाग मात्र इन्स्टॉलेशनचाच असतो. ही तुलना लंगडी आहेच. त्याहून लंगडे आहेत परीक्षकांचे रिवाज. पेनड्राइव्हवरून डिस्ट्रो सुरू करायचं, वॉलपेपर पाहायचा, मेमरी किती खाल्ली ते मोजायचं, ब्राउझर उघडून बंद करायचा आणि गुण देऊन मोकळं व्हायचं. हा कांदेपोह्यांचा कार्यक्रम झाला; यावरून संसाराचं भाकीत करू नये. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते, तिला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात, आणि तिची परीक्षणं पहिल्या आठवड्यातच संपतात. तिसऱ्या वर्षी अपग्रेड करताना काय मोडलं हे लिहायला कुणी उरत नाही. डिस्ट्रोवॉचची क्रमवारी तर अनेक जण लोकप्रियतेचा पुरावा म्हणून देतात. ती त्या संकेतस्थळावर कुठल्या डिस्ट्रोचं पान किती वेळा उघडलं गेलं एवढंच मोजते, आणि हे ते संकेतस्थळ स्वतःच सांगतं. असल्या परीक्षणांना उथळ म्हणायला आमची पूर्ण मुभा आहे. फक्त गंमत अशी की ही बहुतेक स्तुतिपर असतात, म्हणून त्यांना अन्यायी म्हणायला कुणी धावत नाही.

बनवणारेही या खेळात कमी नाहीत. केडीई हा डेस्कटॉप घ्या. त्याचं ४.० जानेवारी २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. लोकांनी घेतलं, अर्धवट आहे म्हणून ओरडले, तेव्हा सांगण्यात आलं की ही आवृत्ती मुख्यतः प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी आहे, सामान्य माणसाने एवढ्यात यायचं नव्हतं. क्रमांक चार पूर्णांक शून्य, समारंभ थाटाचा, आणि परीक्षण तेवढं वर्ज्य. २०११ साली ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपचं ३ आलं तेव्हा त्याच्यावर जाहीर तोंडसुख घेऊन एक्सएफसीई या तिसऱ्याकडे निघून गेलेला वापरकर्ता होता टॉरव्हाल्ड्स. २०१४ च्या डेबियन परिषदेत त्याच गृहस्थाने भर सभेत गाऱ्हाणं मांडलं, की आपला पाण्यात बुड्या मारणाऱ्यांसाठीचा प्रोग्राम विंडोज आणि मॅकसाठी तयार करणं सोपं, पण लिनक्सच्या नाना डिस्ट्रोंसाठी तयार करणं म्हणजे डोकेदुखी. वर लावलेल्या चाळण्या या परीक्षकाला लावल्या, तर उतावळा, सवयींचा गुलाम आणि दुसऱ्या प्रणालींशी अन्याय्य तुलना करणारा म्हणून तो पहिल्या फेरीतच बाद होतो.

हा सगळा वाद आता केवळ हौशी लोकांचा राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नसलेल्या यंत्रांना विंडोज ११ अधिकृतपणे दारात उभं करत नाही. धडधाकट पण जुना संगणक घेऊन लिनक्सकडे वळणारा माणूस आपल्याकडे पतसंस्थेत, शाळेच्या कार्यालयात, गृहनिर्माण सोसायटीच्या टेबलापाशी बसलेला आहे. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने बॉस नावाचं भारतीय लिनक्स कधीच आणलं, पण कुठल्याही डिस्ट्रोचं परीक्षण वाचलं तरी या माणसाच्या कामाचं फारसं काही हाती लागत नाही. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड चालू करायला किती खटपट पडते? ‘सुधारणाऱ्या’ मधला ऱ्या नीट उमटतो की मोडतो? जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली इतिवृत्तं उघडतात का? डिजिटल सहीचं यूएसबी टोकन ओळखलं जातं का? नाक्यावरच्या दुकानातून आणलेला प्रिंटर छापतो का, की नुसता दिवा लावून बसतो? ही उत्तरं महासंगणकांच्या यादीत नाहीत आणि वॉलपेपरच्या चित्रातही नाहीत. ती त्या सोसायटीच्या कारकुनालाच देता येतील, आणि तो व्हिम-ईमॅक्स वादात कुठल्याच बाजूचा नाही हे त्याचं खास क्वालिफिकेशन. त्याने लिहिलंच, तर पहिला सवाल येईल, ‘कर्नलची आवृत्ती कोणती?’ ती मात्र त्याने लिहून ठेवावी. एवढा एक नियम आम्हालाही मान्य आहे.