आमच्या सर्वत्र शाखा आहेत

पुण्यात एके काळी खाण्याच्या दर्जाचं प्रमाणपत्र रंगारी देत असे. दुकानाची पाटी रंगवून झाली की तळाशी उरलेल्या जागेत तो एक ओळ काढायचा : ‘आमची कोठेही शाखा नाही.’ दुसऱ्या गावचा दुकानदार जी गोष्ट चारचौघांत लपवेल, ती इथे मालकाच्या छातीवरचं पदक होती. अर्थ सरळ होता. खायचं असेल तर इथे या, रांग लावा, ‘संपलं’ म्हटलं की निमूट घरी जा. माल एका हाताचा आहे, हात आमचा आहे, त्याची दुसरी प्रत निघत नाही.

त्या दुकानापुढे रांग लावणाऱ्या आजोबांचा नातू आज शनिवारी रात्री सोफ्यावर आडवा होऊन फोनवरून जेवण मागवतो. मागवतो कुणाकडून? ज्याच्या सर्वत्र शाखा आहेत त्याच्याकडून. आणि खोकं उघडल्यावर पहिलं वाक्य मात्र आजोबांचं बोलतो : ‘छे, दर्जा राहिला नाही.’

तो नातू म्हणजे मी. सातवा मजला.

मधल्या आकाराच्या पिझ्झाचे तुकडे सहा असतात आणि आमच्या घरात मतं सात. सातवं मत शेजारच्या काकांचं. ते तुकडा घेत नाहीत, नुसतं मत ठेवून जातात.

पहिलं मत भाच्याचं. तो नऊ दिवसांत सात देश करून आला आहे. त्यातले तीन तास नेपल्सला होता. तेव्हापासून तो आमच्याबरोबर पिझ्झा खातो, पण आमच्या पिझ्झाला पिझ्झा म्हणत नाही. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. नेपल्सच्या पिझ्झावाल्यांची १९८४पासून संघटना आहे आणि तिचे नियम आमच्या सोसायटीच्या नियमांपेक्षा कडक आहेत. लाकडाची भट्टी, तिचा घुमट सुमारे ४८५ अंश सेल्सिअसला तापलेला, आत पिझ्झा ६० ते ९० सेकंद, बस्स. त्या लोकांच्या हातातल्या कलेला २०१७ साली युनेस्कोनं मानवजातीच्या वारशाच्या यादीत बसवलं.

सगळं मान्य. पण तो पिझ्झा भट्टीसमोर बसून खायचा असतो. स्कूटरवर घालून तीन सिग्नल ओलांडले की त्या वारशाचा ओला रुमाल होतो. आपल्या दारात येतो त्या पिझ्झाचं कूळ नेपल्सचं सांगतात, पण त्याचं घराणं अमेरिकेतल्या मिशिगनचं. १९६० साली इप्सिलांटी नावाच्या गावात टॉम आणि जेम्स मोनॅहन या दोन भावांनी उसने पैसे घालून एक छोटं पिझ्झाचं दुकान घेतलं. काही महिन्यांत जेम्सनं आपला अर्धा हिस्सा टॉमला देऊन टाकला, आणि त्या बदल्यात घेतली पिझ्झा पोचवायची फोक्सवॅगन बीटल. भावकीच्या वाटणीत इतका स्वस्त सुटलेला माणूस आपल्याकडच्या सातबाऱ्यावरही सापडायचा नाही. उरलेल्या भावानं त्याचं डॉमिनोज केलं. बोधचिन्हावर तीन ठिपके, कारण तेव्हा दुकानं तीन होती. दर नव्या शाखेला एक ठिपका वाढवायचा बेत होता म्हणे. बरं झालं सोडून दिला. आज एकट्या भारतात दोन हजारांवर शाखा आहेत. सगळे ठिपके काढले असते तर खोक्याला गोवर आला असता.

म्हणजे हा पदार्थ मुळात प्रवासासाठी जन्माला आला. झाकण चिकटू नये म्हणून मधोमध जी पांढरी प्लॅस्टिकची तिपाई असते (आमच्याकडे ती भातुकलीत जाते) तिचंसुद्धा पेटंट होतं. १९८५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या कार्मेला व्हिटाले या बाईंना मिळालं. नेपल्सवाले घुमटाचं तापमान मोजत होते तेव्हा हे लोक झाकणाची उंची मोजत होते. तेव्हा भाचेबुवा, डब्यातल्या पोळीला तव्यावरच्या फुलक्याची परीक्षा देऊ नका.

भाच्याकडे यावर एक हुकमी पान आहे आणि तो ते दर शनिवारी टाकतो : ‘मग इटलीत का चाललं नाही?’ खरंय. २०१५ साली डॉमिनोज मिलानला गेलं. इटलीभर आठशे ऐंशी दुकानांचं स्वप्न होतं. २०२२ साली शेवटचं शटर पडलं तेव्हा दुकानं होती एकोणतीस. करोनाच्या दिवसांत गल्लीतल्या पिझ्झावाल्यांनीच घरपोच द्यायला सुरुवात केली, मग सातासमुद्रापलीकडची शाखा हवी कुणाला? इटालियन भाषेत ‘आमची कोठेही शाखा नाही’ला काय म्हणतात मला माहीत नाही, पण जिंकली ती तीच पाटी.

दुसरं मत आत्याचं : ‘पूर्वीसारखा राहिला नाही.’ हे मत आत्याचं पावसाबद्दल, गणपतीबद्दल आणि माझ्याबद्दलही आहे. पण पिझ्झावर हा आरोप टिकत नाही. भारतात ही दुकानं १९९६ साली आली, आधी दिल्लीला. आत्यानं पहिला पिझ्झा खाल्ला तो कुणाच्या तरी वाढदिवसाला, गार हवेच्या खोलीत, नव्या साडीत, दुसऱ्याच्या पैशानं. पाव टक्का चव पिझ्झाची, बाकी सगळी त्या संध्याकाळची. ती संध्याकाळ कुठल्याही शाखेत मिळत नाही.

उलट साखळीचा पिझ्झा ज्या एका गोष्टीसाठी बनलाय ती म्हणजे पूर्वीसारखा राहणं. कणकेचे गोळे मध्यवर्ती स्वयंपाकघरातून थंड गाडीतून येतात. सॉस तयार येतो. चीज किती टाकायचं हे आधीच ठरलेलं. भाजायला सरकत्या पट्ट्याची भट्टी, एका तोंडानं कच्चा आत, दुसऱ्या तोंडानं भाजलेला बाहेर. मध्ये उभ्या असलेल्या मुलाला ठरवायला काही शिल्लकच ठेवलेलं नाही. आपल्या मिसळीच्या हॉटेलात रस्सा पातळ लागला की मालक सांगतो, ‘आज आचारी गावाला गेलाय.’ साखळीत आचारी गावाला जात नाही, कारण आचारीच नसतो. शाखा काढायची तर पाककृतीतून माणूस वजा करावा लागतो. माणूस वजा झाला की अप्रतिम काही होण्याची भीती संपते, आणि भयंकर काही होण्याचीही. उरतं ते पस्तीस टक्के, दर वेळी, नाशिकला आणि नागपूरलाही. आपण त्यालाच दर्जा म्हणतो आणि मग त्यात नव्वद टक्के का नाहीत म्हणून रडतो.

तिसरं मत बायकोचं : ‘हे चीज खरं नाही.’ या बाबतीत बायकोच्या बाजूनं चक्क सरकार उभं आहे. २०२२ साली हरियाणातल्या जीएसटीच्या अपील प्राधिकरणापुढे एका पुरवठादाराचं ‘मोझरेला टॉपिंग’ आलं. प्रश्न होता, यावर कर किती? प्राधिकरणानं निवाडा दिला की यात वनस्पती तेल आहे, तेव्हा याला चीज म्हणता येत नाही. आणि पिझ्झावर घालायचं असलं तरी हा काही पिझ्झाही नाही. काढा अठरा टक्के. तयार पिझ्झा हॉटेलात खाल्ला तर पाच टक्के. खवय्ये वर्षानुवर्षं ज्यावर वाद घालत होते ते करखात्यानं एका कागदावर मिटवलं, तेही न चाखता.

सगळेच असं वापरतात असं मुळीच नाही. पण यादी वाचायची सवय ठेवावी. ‘चीज’ हे नाम आहे आणि ‘चीजी’ हे विशेषण. नाम आणि विशेषण यांतला फरक आम्हाला शाळेत शिकवला होता. तो फरक तेलाचा असू शकतो, हे बाईंनी सांगितलं नव्हतं.

चौथं मत मेहुण्यांचं. ते सीए आहेत. त्यांना चवीशी कर्तव्य नाही. ते म्हणतात, सात इंची दोन घ्या, एकावर एक आहे. दोन खोकी दिसली की घर भरल्यासारखं वाटतं. मी एका शनिवारी टिश्यूपेपरवर हिशेब मांडला. सात इंचीची त्रिज्या साडेतीन, वर्ग सव्वाबारा, दोघांचे मिळून साडेचोवीस. दहा इंचीची त्रिज्या पाच, वर्ग पंचवीस. म्हणजे दोन छोट्यांपेक्षा एकटा मधला मोठा, आणि त्यात कडाही कमी. मेहुणे पाच मिनिटं टिश्यूकडे बघत राहिले. आयुष्यभर लोकांचे ताळेबंद तपासले आणि शनिवारी π बघायचा राहिला! तेवढ्या वेळात त्यांचा तुकडा काकांनी उचलला. हे काकांनी प्रथमच केलं.

आणि ही सगळी टीकाकार मंडळी टीका संपली की एकच गोष्ट मागतात : ‘ओरिगॅनोची पाकिटं जास्त आली का?’ आमच्या स्वयंपाकघरात एक खण नुसता या पाकिटांचा आहे. चिली फ्लेक्स खालच्या थरात, ओरिगॅनो वरच्या. काही पाकिटं मुलगी बालवाडीत होती तेव्हाची आहेत. ती आता बारावीला आहे. ज्या पिझ्झाला चव नाही म्हणतो त्याची चव आपण फुकट, मुठीनं, साठवून ठेवलेली असते. मग ती मॅगीवर जाते, पावभाजीवर जाते, एकदा साबुदाण्याच्या खिचडीवरही गेली. उपास मोडला की नाही यावर आत्यानं अजून निर्णय दिलेला नाही.

मतांचं सोडा, खुद्द कंपनीचं मत काय? या प्रश्नाचं उत्तर जगात एकदा मिळालेलं आहे. २००९च्या अखेरीला डॉमिनोजनं अमेरिकेत जाहिरातींतूनच सांगून टाकलं की लोक म्हणतात आमचा पाव पुठ्ठ्यासारखा लागतो आणि सॉस केचपसारखा. लोक खोटं बोलत नाहीत, तेव्हा आम्ही पाककृती बदलतोय. अध्यक्ष पॅट्रिक डॉइल स्वतः कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. २०१०च्या पहिल्या तिमाहीत तिथल्या जुन्या दुकानांची विक्री १४.३ टक्क्यांनी वाढली. टीकाकारांचा धंदा बसला. जो स्वतःच पुठ्ठा म्हणवून घेतो त्याला आता काय म्हणणार?

आमच्या पाटीवाल्या मालकानं हे कधी केलं नसतं. ‘आज जरा खारट झालंय’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यानं सुनावलं असतं, ‘घरी अळणी खाता काय?’ अपमान दोघंही करतात. एक गिऱ्हाइकाचा करतो, दुसरा स्वतःचा. पहिल्याची शाखा होत नाही याचं कारण कदाचित इतकंच असावं.

आता एकच तक्रार उरली. ती सातही जणांची आहे, एकमतानं : ‘गार आला.’

अर्ध्या तासात पिझ्झा, नाहीतर फुकट, ही हमी मूळची अमेरिकन कल्पना. वेळ गाठण्याच्या घाईत अपघात झाले, खटले झाले, तेव्हा १९९३ साली तिथे ही हमी मागे घेतली. आपल्याकडे ती पुष्कळ वर्षं दिमाखात नांदली. पुष्कळ घरांत तर घड्याळ लावून बसायचा खेळच होता, एकतिसावं मिनिट लागलं की टाळ्या. तो मुलगा सिग्नलला अडकावा अशी प्रार्थना करणारी आम्ही संस्कारी माणसं.

गेल्या शनिवारी मी फोनच्या नकाशावर त्याचा ठिपका बघत होतो. ठिपका वेळेत आमच्या फाटकात आला. मग बराच वेळ हलला नाही. बेल वाजली तेव्हा दारात मुलगा धापा टाकत उभा, कपाळावर घाम, हातात खोकं. उघडलं तर चीजचं मेण झालेलं. आतून सातही मतं एकदम बाहेर आली. भाच्यानं नेपल्स काढलं, आत्यानं १९९६. मेहुण्यांनी फोनवर एक तारा दाबला आणि कारण लिहिलं : दर्जा.

मी मुलाला विचारलं, ‘फाटकात तर वेळेवर आला होतास. मग?’

त्यानं काही न बोलता लिफ्टकडे बोट केलं. तिथे पाटी आहे. दोन वर्षांपूर्वी सर्वसाधारण सभेत ठराव होऊन लागली, मीही हात वर केला होता. रंगारी आता मिळत नाही म्हणून छापून आणली : ‘डिलिव्हरीवाल्यांनी लिफ्टचा वापर करू नये. जिना वापरावा. – आदेशावरून.’

ही पाटी मात्र आता शहरात कितीतरी इमारतींमध्ये दिसते. हिच्या सर्वत्र शाखा आहेत.

मला काहीतरी बोलायचं होतं म्हणून मी म्हटलं, ‘तुला काय वाटतं रे, तुमचा पिझ्झा असतो कसा?’ एवढ्या मतांच्या घरात त्याचंच तेवढं विचारायचं राहिलं होतं.

त्यानं घाम पुसला, क्षणभर विचार केला.

‘काका, दुसऱ्या मजल्यापर्यंत चांगला असतो.’