परिचय झाला, ओळख राहिली

जुलै उजाडला की महाविद्यालयांत ‘ग्रंथालय परिचय’ नावाचा सोहळा उरकला जातो. बॅगा बाहेर ठेवा, बोलू नका, उशीर झाला तर रोज दंड, पुस्तक हरवलं तर किंमत वसूल. एवढं सांगितलं की परिचय संपला. सह्या आणि फोटो मात्र न चुकता घेतले जातात, कारण ते ‘नॅक’ मूल्यांकनाच्या फायलीत जायचे असतात. संदर्भ कसा शोधायचा, हा मुद्दा वेळेअभावी राहतो.

मराठी साहित्याचा ड्युई वर्गीकरण क्रमांक ८९१.४६, हे त्याच कपाटाला टेकून बसणाऱ्या मुलाला तीन वर्षांत कळत नाही. बिचारा तिथे एमपीएससीचा अभ्यास करतो, तोही घरून आणलेल्या पुस्तकांवर. कपाटाला कुलूप आहे आणि किल्लीवाले जेवायला गेलेत. महाविद्यालयांसाठीच्या ‘एन-लिस्ट’ या ऑनलाइन सेवेवर हजारो ई-जर्नल्स आहेत म्हणे, पासवर्ड कुणाकडे मागायचा, हे गुपित. मग प्रोजेक्ट कसा होतो? गेल्या वर्षीच्या दादाचा घ्यायचा, मुखपृष्ठ बदलायचं, स्पायरल बाइंडिंग नवं करायचं.

ग्रंथ वापरासाठी असतात, हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या १९३१ च्या पुस्तकातला पहिला नियम. दर १२ ऑगस्टला, त्यांच्या जयंतीला, तसबिरीला हार घालून आपण तो नियमही कपाटात जपून ठेवतो. त्यात व्यवहार आहे. पुस्तक फाटलं किंवा हरवलं तर ग्रंथपालाला जाब द्यावा लागतो; कुणी उघडलंच नाही, याचा जाब कुणीच मागत नाही.