ग्रुपचे वाकनीस

शिवकालीन राज्यव्यवस्थेत वाकनीस नावाचा एक जबाबदार अधिकारी असे. १६७४ साली राज्याभिषेकसमयी जे अष्टप्रधानमंडळ सिद्ध झाले, त्यात दत्ताजी त्रिंबक यांच्याकडे हे काम होते. महाराजांची दिनचर्या, भोजनाची व्यवस्था, आमंत्रणे, भेटीस कोण आले नि कोण गेले, या सर्वांची दक्षतेने नोंद ठेवावी, अशी त्या पदाची जोखीम. पुढे राज्ये गेली, फड मोडले आणि हा हुद्दाही त्यांच्याबरोबर लयास गेला, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे, ती पुण्यातील कोणत्याही सहकारी गृहरचना संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपात ज्याने एक आठवडा काढला आहे त्याला मान्य होणार नाही. फरक इतकाच, की पूर्वी राजा एक आणि वाकनीस दुसरा असे. आता दोन्ही पदे एकाच इसमाकडे आहेत, आणि स्वतःच्या न्याहारीची खबर तो स्वतःच्याच हुकुमाने सबंध इमारतीत रुजू करतो.

सिंहगड रस्त्यावरील आमच्या इमारतीत हे पद नानांकडे आहे. नाना पाटबंधारे खात्यात आवक-जावक टेबलावर कारकून म्हणून लागले आणि कार्यालय अधीक्षक म्हणून सन्मानाने निवृत्त झाले. सारी हयात ज्याने प्रत्येक कागदावर क्रमांक घातला, शिक्का मारला आणि समोरच्याकडून पोच घेतली, त्या माणसाला निवृत्तीनंतर एकाएकी असे दिसून आले, की घरात दिवसभर ज्या असंख्य घटना घडतात — दूध उतू जाते, कबुतर बाल्कनीत घरटे करू पाहते, डाव्या चपलेचा अंगठा तुटतो — त्यांची कुठल्याही रजिस्टरात नोंद होत नाही, कुणी त्यांवर शेरा मारीत नाही, आणि सायंकाळपर्यंत त्या सगळ्या दप्तरी दाखल न होताच नष्ट होतात. ही अंदाधुंदी नानांना सोसवणे शक्य नव्हते. मुलाने अमेरिकेहून येताना स्मार्टफोन आणला, संस्थेच्या चिटणिसांनी त्यांना ग्रुपात घेतले, आणि आवक-जावक विभाग पुनश्च सुरू झाला. आवक सगळी नानांच्या घरात. जावक सगळी आमच्याकडे.

त्यांचा पहिला खलिता दिवस उजाडण्यापूर्वीच निघतो. ‘पहाटे ५.५०. मनपाचे पाणी आले. दाब मध्यम, रंग स्वच्छ.’ त्यामागोमाग, ‘६.२०. दूध आले. एक पिशवी किंचित गळकी. पातेल्यात काढून घेतली. चिंतेचे कारण नाही.’ आणि आपण चहाचा पहिला घोट घेतो न घेतो तोच, ‘७.०५. जिन्यात दुसऱ्या व तिसऱ्या मजल्यांदरम्यान शर्टाचे एक बटण आढळले. रंग करडा, छिद्रे चार.’ या गद्याची थोरवी लक्षात घ्यावी. त्यात भावविवशता नाही, उपमा-उत्प्रेक्षा नाहीत, आत्मस्तुती तर औषधालाही नाही. ‘चिंतेचे कारण नाही’ हे पालुपद तेवढे खात्यातून आलेले आहे. तिथे ते धरणांच्या बाबतीत वापरले जाई, इथे दुधाच्या पिशवीच्या बाबतीत वापरले जाते. वाचणाऱ्याच्या मनात तोपर्यंत नसलेली चिंता उत्पन्न करण्याचा त्याचा गुण दोन्हीकडे सारखाच.

पावसाळा हा नानांच्या ऐन भराचा काळ. मृगाचे चार थेंब पडले की ‘पावसास प्रारंभ’ अशी वर्दी येते. वस्तुतः ज्याला ती येते तो खिडकीतून तोच पाऊस पाहत असतो. तरीही पाचव्या मजल्यावरून ‘आमच्याकडेही’ असे उत्तर जाते, तळमजल्यावरून ‘इकडे पण’ असे जाते, आणि पर्जन्यराजाने एका इमारतीच्या निरनिराळ्या मजल्यांबाबत पक्षपात केलेला नाही हे लेखी सिद्ध झाल्यावर सर्वांना समाधान वाटते. पुढे धरणे भरू लागतात. टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला ही चार नावे नाना संध्येतल्या चोवीस नावांच्या श्रद्धेने घेतात. चौघांचा मिळून साठा सुमारे २९ टीएमसी, पैकी आज किती भरला, खडकवासल्यातून मुठेत किती क्युसेक विसर्ग चालू आहे, तो किती वाजता वाढणार, हे सारे ते पाण्याच्या टाकीच्या पातळीसह कळवतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा नाना नऊ-दहा वर्षांचे होते आणि त्यांचे बिऱ्हाड नदीकाठच्या पेठेत होते. त्या दिवसाविषयी त्यांनी ग्रुपवर आजतागायत एक अक्षर लिहिलेले नाही. २०२४ च्या जुलैत विसर्ग वाढून सिंहगड रस्त्यालगतच्या सखल वसाहतींत पाणी शिरले, त्या पहाटे मात्र सगळी इमारत नानांचा एकेक आकडा श्वास रोखून वाचत होती, आणि एरवी त्यांची टिंगल करणारी तरुण मंडळी त्यांच्याच सांगण्यावरून गाड्या चढावर नेऊन लावीत होती. तरीही वाकनिशीचा धर्म त्यांनी सोडला नाही. दोन विसर्गांच्या मध्ये एक नोंद होतीच : ‘आज आमच्याकडे पिठले-भात. भाजीवाला आला नाही.’

न्याहारीचे प्रकरण स्वतंत्र सांगितले पाहिजे. एका रविवारी नानांनी बशीचे छायाचित्र पाठवून खाली लिहिले, ‘आजची न्याहारी : उपमा. वर ओले खोबरे व कोथिंबीर. लिंबू स्वतंत्र.’ त्यावर त्याच घराच्या स्वयंपाकघरातून, ग्रुपवरच, उत्तर आले : ‘अहो, तो सांजा आहे. हळद दिसत नाही का?’ पतिपत्नींमध्ये त्या वेळी एक भिंत आणि फार तर दहा पावले अंतर होते. परंतु वहिनींचा संसाराचा अनुभव असा, की तोंडी सांगितलेले काही नानांच्या दप्तरी लागत नाही, लेखी तक्रार मात्र ते तत्काळ निकालात काढतात. त्याप्रमाणे चहा निवायच्या आत मजकूर आला : ‘शुद्धिपत्रक. मघाच्या संदेशात “उपमा” याऐवजी “तिखटमिठाचा सांजा” असे वाचावे.’ पाठवलेला संदेश पंधरा मिनिटांच्या आत सुधारण्याची सोय २०२३ पासून झाली आहे, आणि तो सर्वांच्या फोनवरून साफ पुसून टाकण्याची त्याही आधीपासून आहे, हे नानांना ठाऊक नाही असे नव्हे. परंतु एकदा जावक झालेल्या कागदावर खाडाखोड करणे हा त्यांच्या मते जवळजवळ फौजदारी गुन्हा आहे. शुद्धिपत्रकानंतर रत्नागिरीच्या काकूंनी सांज्यात गूळ घालतात तो निराळा याकडे लक्ष वेधले, धारवाडहून आलेल्या नव्या भाडेकरूंनी आमच्याकडे हे सगळे उप्पीटच असे भीतभीत नमूद केले, एकाने कांदा असावा की नसावा हा प्रश्न उपस्थित केला, आणि दुपारच्या जेवणापर्यंत चर्चा चालू राहिली. याच इमारतीची वार्षिक सर्वसाधारण सभा गणपूर्तीअभावी दर वर्षी अर्धा तास तहकूब करावी लागते, हे वाचकांच्या माहितीसाठी नोंदवून ठेवतो.

एवढा खटाटोप नाना कशासाठी करतात? कौतुकासाठी म्हणावे तर कौतुकाने ते संकोचतात, ‘वा, छान!’ असे कुणी लिहिले तर त्यांना ते कामकाजात अप्रस्तुत वाटते. त्यांना हवी असते ती पोच. संदेश गेल्याची एक खूण, पोहोचल्याच्या दोन, आणि २०१४ पासून वाचल्याच्या दोन निळ्या, ही व्यवस्था ज्याने काढली तो पूर्वी कुठल्या तरी सरकारी कचेरीत असलाच पाहिजे अशी नानांची खात्री आहे. ग्रुपात तर सगळ्यांनी वाचल्याखेरीज खूण निळी होत नाही. वाचल्याची खूण लपवण्याची जी सवलत एरवी मिळते, ती ग्रुपात चालत नाही. आणि संदेशावर बोट दाबून धरले की कोणी किती वाजता वाचले, कोणाकडे नुसताच पोहोचून पडला आहे, याची यादी उघडते. ही यादी म्हणजे नानांचा हजेरीपट. लिफ्टमध्ये भेटल्यावर ते अत्यंत सौम्य स्वरात म्हणतात, ‘परवाचं कबुतराचं आपल्याला पोहोचलंय, पण वाचायचं राहिलंय वाटतं.’ अशा वेळी मनुष्य तळमजला येईपर्यंत लिफ्टच्या आकड्यांकडे पाहत राहतो.

चिटणिसांनी यावर उपाय करून पाहिले. ज्यात केवळ ॲडमिनलाच लिहिता येते असा ‘फक्त सूचना’ नावाचा निराळा ग्रुप त्यांनी काढला. त्यात देखभाल शुल्क, टाकी सफाई, लिफ्टची दुरुस्ती असे महत्त्वाचे विषय यथासांग प्रसिद्ध होतात आणि ते कोणीही वाचत नाही. टाकी सफाईच्या दिवशी पाणी का नाही, हे लोक मूळ ग्रुपात नानांना विचारतात. मध्यंतरी ग्रुपातल्या मजकुराबद्दल आपल्याला कोर्टात उभे राहावे लागेल की काय, या धास्तीने चिटणिसांची झोप उडाली होती. परंतु समान हेतू सिद्ध झाल्याखेरीज सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराची जबाबदारी ग्रुपच्या ॲडमिनवर टाकता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली दिला आणि ते निर्धास्त झाले. सांज्याविषयी त्या निकालात काही म्हटलेले नाही.

आता आमचे स्वतःचे मत. या ग्रुपात दिवसभर जो मजकूर वाहत असतो त्यात नानांचा मजकूर सर्वांत क्षुल्लक आहे हे उघड आहे. परंतु उरलेला काय आहे तेही पाहावे. सूर्योदय, गुलाब आणि वाफाळता कप यांनी युक्त असे सुप्रभात. शिळ्या पाण्यात लवंग टाकून मूत्रपिंड धुण्याची कृती. दिवंगत थोरांनी म्हणे अंतकाळी काढलेले उद्गार. आणि मोबाईलच्या व्यसनावर पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेला म्हणून फिरणारा एखादा उतारा, की जो त्यांनी, २००० सालीच त्यांचे निधन झालेले असल्यामुळे, लिहिला असण्याचा संभव बेताचाच. हा सगळा माल उसना. तो कोठून निघाला हे पाठवणाऱ्याला ठाऊक नाही, पुढे कोठे जाणार याची फिकीर नाही, आणि त्यातील एकही गोष्ट त्याच्या घरात घडलेली नाही. एकाच वेळी पाचांहून अधिक ठिकाणी असा माल पुढे ढकलता येऊ नये, असा निर्बंध २०१८ साली कंपनीलाच आपल्या देशापुरता घालावा लागला. नानांवर तो निर्बंध कधीच लागू होण्याचे कारण नाही. त्यांनी आजवर परक्याची एक ओळ पुढे ढकललेली नाही. बटण खरोखरच जिन्यात पडले होते आणि त्याला छिद्रे चारच होती. सबंध ग्रुपात दिवसाकाठी खरे म्हणून जे काही छापले जाते, ते एवढेच.

हा मुद्दा एकदा बोलता बोलता नानांपुढे काढला, तेव्हा त्यांनी रियासतकार सरदेसायांचे नाव घेतले. पेशवे दप्तरातील निवडक कागद सरदेसायांनी ४५ खंडांत छापले. उद्याचे कोणी सरदेसाई आमच्या इमारतीचे दप्तर चाळू लागले, तर त्यांना कोणत्या साली लवंगेचे पाणी पीत होते ते समजेल, पण पाणी किती वाजता येत होते ते नानांखेरीज कोण सांगणार? यावर आम्हांला उत्तर सुचले नाही. शिवाय तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते पोच द्यायला वळले.

सध्या त्यांच्याकडे झाकणाचे प्रकरण प्रलंबित आहे. संक्रांतीला तिळाच्या वड्यांचे डबे इकडून तिकडे गेले, रिकामा डबा परत करू नये या रिवाजाने ते पोहे, चिवडा, लिंबे अशा निरनिराळ्या ऐवजांसह परतले, आणि या घालमेलीत स्टीलचे एक झाकण नानांच्या घरी शिल्लक उरले. त्यावर ‘ग. दा. यांजकडून, २६-५-१९७४’ अशी अक्षरे कोरलेली आहेत. नानांनी त्याचे पुढून, मागून आणि मापपट्टीसह अशी छायाचित्रे प्रसिद्ध केली. मे महिन्यातली तारीख असल्याने ही लग्नातली भेट असावी असा एक तर्क निघाला, मुंजीतली असावी असा दुसरा. त्या काळी भांड्यांवर नाव घालणारा ठोक्या बोहरी आळीत कुठे बसे याविषयी दोन ज्येष्ठांत मतभेद झाला. एका आजींनी, आपले लग्न त्याच महिन्यातले असून आहेरात नेमका असा डबा आला होता, पण तो देणाऱ्याचे आडनाव आता आठवत नाही, असे नातवाकरवी कळवले. आणि त्या डब्यात त्या काळी काय काय ठेवीत असत हे त्यांनी जे सांगायला घेतले, ते नातवाने टंकून टंकून दमून अर्ध्यावर सोडले. शहानिशा अपुरी राहिली. झाकण नानांच्या ताब्यात सुरक्षित आहे. ज्या कुणाचे असेल त्याने जोडीचा डबा सोबत आणून, रात्री नऊच्या आत, तिसऱ्या मजल्यावरून ते घेऊन जावे. आणि नेल्याची पोच ग्रुपवर द्यावी, ही विनंती.