काका, पुढे जाऊ द्या!

प्रत्येक सोसायटीत एक संदर्भकाका असतात. आमचे दुसऱ्या मजल्यावर राहतात. तरुणपणी 'अलका' आणि 'राहुल' या थिएटरांत लागलेला एकही इंग्रजी सिनेमा आपण सोडला नाही, असं ते सांगतात आणि ते खरंच असावं, कारण त्यातला एकही ते विसरलेले नाहीत. विनोदी सिनेमा बघताना काका हसत नाहीत. समेवर जाणकार हलवतो तशी मान हलवतात आणि विचारतात, "हे कुठून उचललंय, माहितीये?"

माहीत नसतं. असलं तरी सुटका नसते.

परवा पोरांनी 'ऑस्टिन पॉवर्स' लावला. पहिला, 1997चा, माइक मायर्सचा. 1967 साली गोठवून ठेवलेला, वेड्यावाकड्या दातांचा ब्रिटिश हेर तीस वर्षांनी जागा होतो. त्याचा शत्रू डॉक्टर ईव्हलही तसाच गोठून परतलेला. तो अख्ख्या जगाला ओलीस धरतो आणि खंडणी मागतो किती? दहा लाख डॉलर! हाताखालचा माणूस चाचरत सांगतो, साहेब, आपली एक कंपनीच वर्षाला नऊ अब्जांवर कमावते. पोरं गडाबडा लोळायला लागली आणि तेवढ्यात काकांनी रिमोट हातात घेतला.

"हे टक्कल, हा व्रण, मांडीवरची मांजर... बाँडचा 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस', 1967. डोनाल्ड प्लेझन्सचा ब्लोफेल्ड! आणि हा डोळ्याला पट्टीवाला? 'थंडरबॉल'मधला लार्गो. ती खाष्ट जर्मन बाई म्हणजे 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'ची रोझा क्लेब."

"काका, पुढे जाऊ द्या ना."

"अरे, जाऊ दे काय? पुढे एक जण बूट फेकून मारणार आहे. 'गोल्डफिंगर'मध्ये ऑडजॉब टोपी फेकायचा, हे माहीत नसेल तर तुम्ही हसणार कशाला?"

बुटाला हसणार, दुसरं काय! एवढं साधं उत्तर होतं, पण काकांसमोर बोलायची कोणाची प्राज्ञा नव्हती.

मग तो रोडरोलरचा प्रसंग आला. रोलर इतका संथ, की आजारी माणूससुद्धा चहा पिऊन बाजूला होईल. पहारेकरी मात्र पार लांब उभा राहून दोन्ही हात पुढे करून "नाही! नाही!" असं किंचाळतोय. रोलर येतोच आहे, हा किंचाळतोच आहे. काकूंनी जन्मात एक बाँडपट पाहिलेला नाही, पण हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. काकांनी नेमकं तिथेच थांबवलं. पहारेकरी तोंड वासून पडद्यावर अडकला आणि काका बाँडपटातले खलनायक बाँडला सरळ गोळी का घालत नाहीत, यावर बोलू लागले.

"अहो," काकू म्हणाल्या, "त्या बिचाऱ्याला एकदाचं मरू द्या की!"

काकांच्या मते बाँडचं खरं विडंबन म्हणजे 1967चा 'कसिनो रोयाल'. डेव्हिड निव्हन, पीटर सेलर्स, ऑर्सन वेल्स, वुडी ॲलन अशी तालेवार माणसं आणि श्रेयनामावलीत पाच दिग्दर्शक. सेलर्सचं आणि वेल्सचं इतकं बिनसलं, की समोरासमोर बसायचे प्रसंगसुद्धा वेगवेगळे चित्रित करावे लागले. शत्रूला चकवायला त्यात निम्म्या माणसांना 'जेम्स बाँड' हेच नाव देतात. बर्ट बॅकरॅकचं संगीत मात्र फर्मास. हा सिनेमा पाहिलेल्यांना कथा विचारली, तर प्रत्येक जण वेगळी सांगतो आणि सगळे खरं बोलत असतात. काकांना तो अतिशय आवडतो, कारण त्यात समजावून सांगण्यासारखं भरपूर आहे.

त्यांच्या जिव्हारी लागलेली गोष्ट वेगळीच आहे. बाँडपट पुढे इतके गंभीर का झाले, याचं कारण सांगताना खुद्द बाँड साकारणाऱ्या डॅनियल क्रेगने ऑस्टिन पॉवर्सकडेच बोट दाखवलं होतं. त्या टवाळीनंतर जुन्या थाटाचा बाँड उभा करणंच अवघड झालं, असा त्याचा सूर. काकांना हे घरभेद्याचं बोलणं वाटतं.

रविवारी काका म्हणाले, "चला, आता अस्सल माल बघू," आणि त्यांनी 'ऑक्टोपसी' लावला. 1983चा, उदयपूरला चित्रित झालेला, रॉजर मूरचा. रिक्षांच्या पाठलागात टेनिसपटू विजय अमृतराज टेनिसच्या रॅकेटने गुंडांना हाणतो आणि रस्त्यावरच्या बघ्यांच्या माना मॅच बघितल्यासारख्या डावीउजवीकडे वळतात. पोरं फुटली. पुढे बाँड वेलीला लोंबकळत टारझनची आरोळी ठोकतो, तेव्हा तर काकूही फुटल्या. शेवटी हेच महाशय विदूषकाचं नाक लावून सर्कशीत बॉम्ब निकामी करायला धावतात.

काकांनी सिनेमा थांबवला.

"हसताय काय? अणुबॉम्ब आहे तो!"