कोंबडा कोण होणार?

भस्म बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन माणूस चर्चबाहेर पडतो तेव्हा त्यानं मनाशी दोन संकल्प सोडलेले असतात. एक जिभेचा, एक डोळ्यांचा. जिभेचा म्हणजे मटण सोडणं, गोड सोडणं, फारच उमाळा आला असेल तर चहा सोडणं. डोळ्यांचा म्हणजे यंदाच्या उपवासकाळात बायबल वाचून काढणं. पहिला संकल्प बऱ्यापैकी तग धरतो, कारण घरातले चौघे ताटाकडे बघत असतात. शिवाय शुक्रवारी मटण वर्ज्य असलं तरी मासळी चालते. त्यामुळं आमच्या वसईकडं कोंबडीहून महाग पापलेट आणून देहदंड सोसण्याची सोय आहे. दुसऱ्या संकल्पावर पाळत ठेवायला मात्र कुणी नसतं.

त्या दिवशीच्या मिस्सात मत्तयाच्या सहाव्या अध्यायातला भाग वाचतात. उपास केलात तर चेहरा पाडून हिंडू नका, तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना कळूही देऊ नका, अशा अर्थाचा. तो ऐकून झाला की आम्ही रांगेत उभे राहतो, कपाळावर ठळक राख लावून घेतो आणि तसेच बाजारातून घरी येतो. हल्ली वाटेत फोटो काढून स्टेटसलाही ठेवतात. शास्त्रवाचनाचा पहिला धडा पहिल्याच दिवशी असा पार पडतो.

आता जरा हिशोब करू. भस्म बुधवारपासून पुनरुत्थानाच्या रविवारच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात. त्यातले सहा रविवार उपासात धरत नाहीत, म्हणून ४०. माझं माहेर नगरकडचं, प्रोटेस्टंट. तिकडच्या बायबलात पुस्तकं ६६ आणि अध्याय ११८९. म्हणजे दिवसाला तीस अध्याय आले. सासरच्या कॅथलिक बायबलात पुस्तकंच ७३, तेव्हा तिकडचं विचारूच नका. शिवाय हा काळ येतो फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे पोरांच्या परीक्षा, पापडांची वाळवण आणि मार्चअखेरचे हिशोब एकदम. मुलानं चुकून यशयाचं पुस्तक उघडलं तर आईच ओरडते, ‘आधी भूगोल!’

दिवसाला तीनच अध्याय असा बेताचा संकल्प करणारे शहाणे असतात. त्यांचं सुरुवातीला मजेत चालतं. उत्पत्तीच्या पुस्तकात भावाभावांची भांडणं आहेत, सासऱ्यानं जावयाला फसवणं आहे, विहिरीवर जुळलेली लग्नं आहेत. तिथं वाचायला सांगावं लागत नाही. निर्गमही तांबडा समुद्र ओलांडेपर्यंत धावतो. मग लागतो निवासमंडप. पडदे किती हातांचे, आकड्या सोन्याच्या की पितळेच्या, फळ्यांना कुसं किती. आणि एकदा सांगून झालं की काही अध्यायांनी तेच सगळं जवळजवळ जसंच्या तसं पुन्हा, कारण आता ते प्रत्यक्ष बांधायचं असतं. एवढ्यातून जो तरला तो लेवीयात पडतो. कातडीवरचे चट्टे, भिंतीवरची बुरशी, कोणते नाकतोडे खाल्लेले चालतात. उपवासकाळातल्या बहुतेक बायबलांतली खूणफीत पुढचं वर्षभर लेवीयाच्या आसपासच असते.

म्हणून मग युक्त्या निघतात. काहींना रंग लागतात. आज्ञा लाल, वचनं हिरवी, भविष्यवाण्या जांभळ्या. महिन्याभरात त्यांचं बायबल रंगपंचमी खेळून आल्यासारखं दिसतं. काहींना फोन लागतो. रोजचा पाठ उरकला की फोन शाबासकी देतो, आणि एक दिवस चुकला की साखळी तुटली म्हणून हळहळतो. देवापेक्षा फोनला वाईट वाटेल या धास्तीनं रात्री पावणेबाराला डोळे चोळत स्तोत्र उरकणारी माणसं मी पाहिली आहेत. मला युक्त्यांचं वावडं नाही. माझी कसोटी एकच आहे: या युक्तीनं वाचणारा सावकाश झाला की त्याला आणखी घाई लागली? रंगाच्या पेन्सिली या परीक्षेत पास होतात, कारण त्यांना टोक काढावं लागतं. फोन नापास.

युक्त्यांना नाक मुरडणाऱ्यांनी एकदा जुन्या करारातला यहेज्केल संदेष्टा वाचावा. त्याला चौथ्या अध्यायात देवानं सांगितलं, एका विटेवर यरुशलेमचा नकाशा कोर, तिच्याभोवती मोर्चे उभारून वेढा घाल, आणि मग कुशीवर पडून राहा. डाव्या कुशीवर ३९० दिवस, उजव्या कुशीवर ४०. जेवायला गहू, जव, पावट्याच्या जातीचे दाणे, मसूर, भरड धान्य आणि खपली एकत्र करून त्याची भाकर, आणि तीही रोज वीस शेकेल वजनाची, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आतबाहेर. मराठी बाई हे वाचताक्षणी म्हणेल, ही तर भाजणी! आमच्याकडं एका उपवासकाळात याची थालीपिठं झाली होती आणि ती वाईट लागली नाहीत. परदेशांत तर या अध्यायाच्या नावानं पाव बनवून विकतात, आरोग्याला उत्तम म्हणून. मुळात तो वेढ्यातल्या उपासमारीचा शिधा आहे. सगळी कोठारं झाडून जे मूठमूठ निघालं ते एकत्र केलेलं. आणि ती भाकर कशावर भाजायची? आधी जे जळण सांगितलं होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. यहेज्केलानं गयावया केली, तेव्हा गाईचं शेण चालेल अशी सवलत मिळाली. पावाच्या वेष्टनावर हा भाग छापत नाहीत. गोवऱ्यांच्या चुलीवरची भाकरी खाल्लेल्या आपल्या माणसांना मात्र ही सवलत किती मोठी होती ते समजावून सांगावं लागत नाही.

थालीपीठ पानात आल्यावर जे प्रश्न निघाले ते नुसत्या वाचनातून निघाले नसते. तो खरंच वर्षभर हलला नाही का? शेजारीपाजारी बघायला येत असतील का? त्याची बायको काय म्हणाली असेल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर थोडं पुढं, चोविसाव्या अध्यायात सापडतं, आणि ते फार दुःखाचं आहे. ते शोधायला मुलं स्वतःहून पानं उलटत गेली, एवढं पुरे.

मात्र सगळ्या युक्त्यांत माझी लाडकी आहे ती पात्रं वाटून वाचण्याची. चर्चमध्ये झावळ्यांच्या रविवारी आणि शुभ शुक्रवारी प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तांत असाच वाचतात. एक निवेदक, एक येशूचे शब्द वाचणारा, एक बाकीच्यांचे, आणि जमाव म्हणजे बाकावर बसलेले आपण सगळे. तासाभरापूर्वी झावळ्या हलवून ज्याचा जयजयकार केला त्यालाच क्रुसावर द्या म्हणून आपणच ओरडायचं असतं. माझ्या सासूबाईंना नेमका त्याच वेळी खोकला येतो. दरवर्षी येतो.

घरी हे करायचं तर पात्रवाटपातच अर्धी संध्याकाळ जाते. यहूदा व्हायला कुणी तयार नसतं, शेवटी ते थोरल्या जावयावर येतं. पिलात दिरांना आवडतो, कारण खुर्चीतून उठावं लागत नाही आणि हात धुवायला मिळतात. नणंदेला पाठांतराचा कंटाळा, म्हणून ती पिलाताची बायको होते. स्वप्न पडल्याचा एक निरोप धाडला की काम संपलं. भांडण होतं ते कोंबड्यावरून. पेत्रानं तीनदा नाकारल्यावर आरवण्यापुरतंच ते पात्र, पण घरातली सगळी पोरं त्याच्यासाठी हातघाईवर येतात. एका वर्षी मत्तयाचे सव्विसावा आणि सत्ताविसावा अध्याय घेतले होते. धाकट्या पुतण्याला कोंबडा मिळाला आणि तो जीव तोडून आरवला. पुढं कुणीतरी त्याला सांगितलं की मार्काच्या शुभवर्तमानात कोंबडा दोनदा आरवतो. तेव्हापासून आमच्या घरी कोंबड्याचा भाग मार्कातूनच वाचला जातो.

चार शुभवर्तमानांत काय सारखं आणि काय वेगळं, हा प्रश्न विद्वानांनी शतकानुशतकं जाड ग्रंथ लिहून हाताळला आहे. आमच्याकडं तो कोंबड्यानं सुरू केला आणि कानानं पुढं नेला. अटकेच्या वेळी प्रमुख याजकाच्या चाकराचा कान तलवारीनं उडतो, हे चौघंही सांगतात. चाकराचं नाव मल्ख, हे फक्त योहान सांगतो. कान पुन्हा बरा केला, हे फक्त लूक सांगतो, आणि परंपरेनं लूकला वैद्य मानतात. हे ऐकल्यावर घरातल्या डॉक्टर होऊ घातलेल्या भाचीनं मार्कावर हलगर्जीपणाचा आरोप ठेवला.

मार्कातले बारकावे दिसायचे तर तो हातानं उतरवून काढावा. सोळाच अध्याय, चारांत सर्वांत आटोपशीर. जुन्या शाळकरी वहीत रोज अर्धा अध्याय लिहिला तरी पवित्र आठवड्याच्या आत संपतो. माझ्या माहेरच्या एका मावशी हे करतात. त्या म्हणतात, डोळे उडी मारतात, बोरू मारत नाही. (लिहितात त्या बॉलपेननंच, पण म्हणताना बोरू म्हणतात.) वादळात येशू नावेच्या मागल्या बाजूला झोपला होता हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच्या डोक्याखाली उशी होती हे मार्कच लिहितो. पाच हजारांना जेवायला बसवलं ते हिरव्या गवतावर, हेही तोच सांगतो. आणि अटकेच्या रात्री अंगावरची चादर सोडून उघडाच पळून गेलेला तो अनामिक तरुण! मावशींनी त्याच्यापाशी पेन खाली ठेवलं आणि पाळकांना फोन करून विचारलं, हा कोण? पाळकांनी विषय बदलला.

अक्षर-अक्षर वाचण्याची कमाल पाहायची तर केडगावला जावं लागेल. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळं बायबल आणलं. १९२२ साली त्या गेल्या तोवर काम हातावेगळं झालं होतं, आणि १९२४ साली ते ग्रंथरूपात आलं. छपाई झाली केडगावातल्या त्यांच्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यात, तिथल्याच मुलीबायकांच्या हातांनी. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. एकेक उलटं अक्षर चिमटीत धरून ओळ लावायची, म्हणजे लेवीयातले नाकतोडे आणि भिंतीवरची बुरशीसुद्धा. त्यांच्याहून सावकाश बायबल या महाराष्ट्रात दुसऱ्या कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही.

आपल्याकडची सर्वांत जुनी युक्ती याच्याही तीनशे वर्षं आधीची. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, साष्टीत राहिला, आणि १६१६ साली त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालं. जवळपास अकरा हजार ओव्या. पहिल्या भागात जुना करार, दुसऱ्यात नवा. मराठी पण लिपी रोमन, कारण देवनागरी खिळे हाताशी नव्हते. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं सुटली होती, मिस्सातली लॅटिन कळत नव्हती. त्यांना हे गाता येण्याजोगं पुराण मिळालं, आणि पुढं कित्येक पिढ्या गोव्यातल्या चर्चमधून ते गायलं गेलं. स्टीफन्सला हे सुचलं यात त्याच्या संघाच्या शिकवणीचाही हात असावा. जेझुइटांचे संस्थापक इग्नेशियस यांच्या साधनेत येशूच्या जन्माचं चिंतन करताना डोळ्यांपुढं आधी रस्ता आणायला सांगितलं आहे. तो लांब आहे की आखूड, सपाट की दरीतून जाणारा. मग गुहा किती मोठी, किती ठेंगणी. एवढं पाहून झाल्याशिवाय आत जायचं नाही. ख्रिस्तपुराणाची बांदेलूंनी संपादित केलेली १९५६ सालची देवनागरी आवृत्ती मिळाली तर एखादा प्रसंग मोठ्यानं वाचून पाहा. सुरुवातीला जीभ अडखळते, दहाव्या ओवीपर्यंत ती आपोआप चाल धरते, आणि विसाव्या ओवीला स्वयंपाकघरातून कुणीतरी येऊन दारात उभं राहतं.

पायांनी वाचण्याचीही सोय आहे. क्रूसाच्या वाटेवर चौदा टप्पे. मुलांना सांगावं, यातले शास्त्रात नाहीत ते शोधा. येशूचं तीनदा पडणं, वाटेत आईची भेट, वेरोनिकाचा रुमाल, हे शुभवर्तमानांत कुठंच सापडत नाही. मुलं आधी हादरतात, मग बाकीचे टप्पे ठोकून-बजावून पाहतात. तोवर चारही शुभवर्तमानांचे शेवटचे अध्याय वाचून झालेले असतात. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ च्या शुभ शुक्रवारी रोममध्ये चौदाही टप्पे शास्त्रातलेच असलेली क्रूसाची वाट चालवली होती. ती यादी शेवटी दाखवावी, आधी दाखवली तर खेळ संपतो.

तेव्हा यंदा संकल्प सुटला असेल, खूणफीत लेवीयापाशी अडकली असेल, तर जिवाला लावून घेऊ नका. मार्क मोठ्यानं वाचायला दीड तासाच्या आसपास लागतो, आणि पवित्र आठवड्यात तेवढी एक संध्याकाळ कुठल्याही घरात निघते. लेवीय ईस्टरनंतर काढा. तोवर मटण सुरू झालेलं असतं, आणि कोणता तुकडा वेदीवर जायचा, कोणता याजकाच्या वाट्याला, हे सगळं पटापट ध्यानात येतं.