नानांची काच

बाजारात मिळणारी वस्तू विकत आणणं म्हणजे आमच्या सोसायटीतल्या नानांना स्वतःचा पराभव वाटतो. इन्व्हर्टर त्यांनी घरीच जोडला. (तेव्हापासून काकू मेणबत्त्या उशाशी ठेवतात.) बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी जाहीर केलं, "आता दुर्बीण."

"नाना, पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. बघायचंच असेल तर तिथं जाता येईल की," मी म्हटलं.

"हॉटेलात जेवण मिळतं म्हणून तुझ्या आईनं चूल बंद केली का? न्यूटननं १६६८ साली स्वतःचा आरसा स्वतः घासला होता!"

"न्यूटनचं लग्न झालं नव्हतं," आतून काकूंचा आवाज आला.

सहा इंची काचेच्या दोन जाड चकत्या आल्या. गॅलरीत पाण्यानं भरलेला ड्रम, त्यावर एक चकती घट्ट बसवलेली, वर दुसरी आणि मध्ये कार्बोरंडमची ओली पूड. वरची काच पुढेमागे रेटायची, जराशी फिरवायची आणि आपण ड्रमभोवती एक पाऊल सरकायचं. असं करता करता वरची खोलगट होते, खालची फुगीर. लुंगी खोचून नाना रोज दोन तास ड्रमाला प्रदक्षिणा घालत. समोरच्या विंगेतल्या आजींनी हे व्रत कोणतं, अशी चौकशीही केली. खर्रर्र, खर्रर्र... एवढं घासून खोली किती, तर मधोमध जेमतेम सव्वा मिलिमीटर! ती मोजायला मला तीनदा बोलावलं गेलं आणि तिन्ही वेळा "वा!" म्हणावं लागलं.

मग पूड बदलायची. ऐंशी नंबर संपला की एकशेवीस, मग दोनशेवीस, अशी बारीक बारीक होत जाते. आधीच्या पुडीचा एक कण जरी राहिला तरी काचेवर ओरखडा. त्यामुळे नंबर बदलायच्या दिवशी नाना काच, ड्रम, गॅलरी, नखं आणि शेवटी स्वतःला धूत. एरवी महिनोन्‌महिने न झटकलेली जळमटं त्या दिवशी निघत. काकूंचा दुर्बिणीला पाठिंबा मिळाला तो इथं. आणि गेला तो, पॉलिशसाठी लागणारी राळ नानांनी त्यांच्या कढईत वितळवली तेव्हा.

खरी परीक्षा पुढं होती. आरसा बरोबर झाला की नाही, हे फुको चाचणीनं कळतं. अंधाऱ्या पॅसेजमध्ये एका टोकाला आरसा, दुसऱ्या टोकाला बारीक दिवा आणि दाढीचं अर्धं ब्लेड. ब्लेडच्या कडेनं पाहिलं की आरशावरचे उंचवटे सावल्यांसारखे उठून दिसतात, आणि तेही केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतके! बोट टेकवलं तर त्या उबेनं काच फुगलेली दिसते. मधली हवा तापली तर तीही लहरताना दिसते. परिणामी चाचणीच्या काळात घरात फोडणी बंद. पंधरा दिवस त्या घरानं बिनफोडणीचं वरण खाल्लं.

नळीसाठी आम्ही प्लंबिंगच्या दुकानात गेलो. आठ इंची पीव्हीसी पाइप मागितल्यावर दुकानदारानं विचारलं, "किती मजल्यांचं ड्रेनेज आहे?"

"शनीपर्यंतचं," नाना म्हणाले. दुकानदारानं पैसे आधी घेतले.

आरशावर अॅल्युमिनियमचा मुलामा बाहेरून करून आणला. नेत्रिका विकत घ्यावी लागली. हा विषय नानांसमोर काढत नाहीत. दुर्बीण उभी राहिली आणि २०२५ साली पाऊस मे संपायच्या आतच आला. पुढचे चार महिने नाना फक्त समोरच्या विंगेची पाण्याची टाकी बघत होते. तीही उलटी, कारण या दुर्बिणीत सगळं उलटंच दिसतं.

अखेर नोव्हेंबरात आभाळ मोकळं झालं. गच्चीवर सगळी सोसायटी जमली. काकूंनी मसाला दूध केलं होतं. नानांनी शनी लावला आणि सेक्रेटरींना पहिला मान दिला.

"नाना, कडं कुठंय?"

नानांनी डोळा लावला. वाटाणा होता, पण कडं नव्हतं. फार निरखल्यावर त्यातून आरपार गेलेली सुईएवढी रेघ तेवढी दिसली.

"घासताना गेलं असेल," सेक्रेटरी म्हणाले आणि दुधाकडे वळले.

नाना त्या रात्री आरसा उतरवून पुन्हा ब्लेड घेऊन बसले. सकाळी एका जाणकाराला फोन केला तेव्हा उलगडा झाला. साधारण पंधरा वर्षांतून एकदा शनीचं कडं आपल्याला नेमकं कडेनं दिसतं, म्हणजे जवळपास दिसतच नाही. ते वर्ष हेच. वर्षभर नाना काचेकडे इतके बघत होते की आकाशाचं पंचांग बघायचं राहूनच गेलं. आरसा मात्र उत्तम होता. नाहीतर ती रेघही दिसली नसती.

कडं आता दरवर्षी थोडं थोडं उघडत जाणार आहे. गच्चीची किल्ली पुढची सात वर्षं आपल्याकडे असावी, असा अर्ज नानांनी दिला आहे. येत्या सभेत तो विषय क्रमांक चार आहे.